परसबागेतल्या पतंगांची नोंद कशी ठेवायची? दिवा, चादर, मोबाईल आणि एक साधी शीट

रात्री दिवा लावून, त्याच्याकडे येणारे पतंग मोजायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि तारीख-वेळेसह लिहून ठेवायचे, याला इंग्रजीत ‘मॉथ रेकॉर्डिंग’ म्हणतात. इंग्लंडमध्ये हजारो लोक हे आपल्या घराच्या बागेत करतात. आपल्याकडे अजून कमी लोक करतात. पण त्यासाठी लागतं ते सगळं आपल्या घरात आहे: एक पांढरी चादर, एक दिवा आणि खिशातला मोबाईल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, कीटकशास्त्र शिकलेलो नाही. वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून फेब्रुवारीत अंजनगाव सुर्जीला घरी आलो आणि दोन महिने राहिलो. आमच्या मागच्या अंगणात तगर, कण्हेर, लिंबू, शेवगा, कढीपत्ता आणि कुंपणावर गुळवेल आहे. पुढच्या खोलीत कापूस भरलेला होता, कारण बाबा भाव वाढायची वाट पाहत होते. पहिल्या रात्री मी दोरीवर चादर टांगून दिवा लावला, तेव्हा बाबा बाहेर येऊन म्हणाले, “रातच्याला धुणं वाळू घालून राहिला का?”

पुढच्या काही आठवड्यांत याच चादरीवर आलेल्या एका बारीकशा तपकिरी पतंगाने मला नोंद म्हणजे काय ते शिकवलं. ती गोष्ट पुढे सांगतोच. आधी पद्धत समजून घेऊ.

पतंग म्हणजे नेमकं कोण?

इथे पतंग म्हणजे संक्रांतीला उडवतो तो नाही. फुलपाखरू आणि पतंग एकाच गणातले कीटक आहेत. दोघांच्याही पंखांवर बारीक खवले असतात, तीच ती बोटाला लागणारी पावडर. दोघांचंही आयुष्य अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार टप्प्यांत जातं.

फरक ओळखायला सोपी खूण म्हणजे डोक्यावरच्या मिशा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. बसताना फुलपाखरू बहुधा पंख पाठीवर उभे मिटतं, तर पतंग ते आडवे पसरतो किंवा उतरत्या छपरासारखे ठेवतो. ‘पतंग रात्रीच उडतात’ हे मात्र पूर्ण खरं नाही. दिवसा फुलांसमोर हवेत थांबून मध पिणारे छोटे हॉकमॉथ अनेकांना पक्षी वाटतात.

भारतात फुलपाखरांच्या साधारण १,३०० ते १,४०० जाती आहेत, तर पतंगांच्या १०,००० पेक्षा जास्त. जॉर्ज हॅम्पसन या इंग्रज अभ्यासकाने १८९२ ते १८९६ या काळात भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले आणि आजही अभ्यासकांना ते चाळावे लागतात. सामान्य वाचकासाठी व्ही. शुभलक्ष्मी यांचं ‘बर्डविंग’ मालिकेतलं भारतीय पतंगांचं फिल्ड गाईड २०१८ मध्ये आलं. म्हणजे आपल्या दिव्याखाली रोज रात्री जे चालतं, त्यातलं बरंचसं अजून कुणी नीट लिहूनच ठेवलेलं नाही.

वसंतातच सुरुवात का करायची?

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. वऱ्हाडात तोपर्यंत ऊन चांगलंच तापतं. म्हणून मी फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे दिवस धरले. पतंग सगळ्यात जास्त दिसतात पावसाळ्यात. मग वसंत कशाला? तीन कारणं आहेत.

- गर्दी कमी. पावसाळ्यात चादर किड्यांनी भरून जाते आणि नवीन माणूस गोंधळतो. मार्चमध्ये मोजके येतात, एकेकाकडे नीट बघता येतं.
- पाऊस-वाऱ्याचा त्रास कमी. उपकरणं भिजत नाहीत, रात्री सुसह्य असतात.
- शेतातला बदल अंगणात दिसतो. याच दिवसांत हरभरा निघतो, गहू निघतो, संत्र्याचा आंबिया बहार नुकताच फुटून गेलेला असतो आणि कापूस घरात किंवा जिनिंगमध्ये असतो. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं प्रौढ रूप म्हणजे पतंगच. अळी सगळ्यांना माहीत असते, तिचा पतंग फार थोड्यांना ओळखता येतो.

शिवाय पावसाळ्यातली गर्दी ‘जास्त’ आहे की ‘नेहमीची’ हे ठरवायला आधीचा आकडा लागतो. आपल्या भाषेत सांगायचं तर बेसलाईन.

पतंग दिव्याकडे येतात तरी का?

शाळेत सांगितलेलं उत्तर असं की ते दिव्याला चंद्र समजतात. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या शोधपत्रिकेत आलेल्या अभ्यासाने वेगळं उत्तर दिलं. संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचं उडणं टिपलं. त्यांना दिसलं, की कीटक आपली पाठ उजेडाकडे वळवतात. लाखो वर्षं रात्री उजळ बाजू म्हणजे आकाश, म्हणजे ‘वर’. दिवा बाजूला असला की पाठ तिकडे वळते, शरीर कलतं आणि कीटक दिव्याभोवती गिरक्या घेत अडकतो.

नोंद ठेवणाऱ्याला यातून एक गोष्ट कळते. दिवा दूरदूरच्या पतंगांना बोलावत नाही, जवळून जाणाऱ्यांना अडकवतो. त्यामुळे चादरीवर पाच पतंग आले म्हणजे बागेत पाचच आहेत, असं नसतं. ते त्या दिव्याचं, त्या हवामानाचं, त्या दोन तासांचं मोजमाप असतं.

लागणारं सामान

- चादर: पांढरी, सुती, साधारण दीड मीटर बाय दीड मीटर. खालचा भाग जमिनीवर पसरू द्या, कारण बरेच पतंग खाली पडून बसतात. कडेला पेनाने एक-एक सेंटिमीटरच्या खुणा करा. फोटोत आकार कळायला यासारखं दुसरं साधन नाही.
- दिवा: घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बमधून अतिनील किरणं जवळपास निघतच नाहीत, म्हणून त्याच्यावर कमी पतंग येतात. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची यूव्ही एलईडी पट्टी चांगली. अभ्यासक मर्क्युरी व्हेपर दिवेही वापरतात, पण ते तापतात आणि वीज खातात. यूव्ही दिव्याकडे टक लावून बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका.
- पॉवर बँक: लाईट गेली तर नोंद अर्ध्यात तुटते. ५ व्होल्टवर चालणारी पट्टी घेतली तर पॉवर बँकेवर दोन तास आरामात निघतात.
- मोबाईल, टॉर्च, वही. एवढंच.

चादर भिंतीला चिकटवू नका. भिंत म्हणजे पालींचा रस्ता. माझा पहिल्या आठवड्यातला सगळ्यात मोठा डेटा लॉस पालीमुळे झाला: मी वाकून वहीत लिहीत होतो तेवढ्यात समोरचा नमुना गायब.

रात्र निवडताना चंद्र बघा. पौर्णिमेच्या आसपास कमी पतंग येतात, अमावस्येच्या आसपास जास्त. याचा सामाजिक त्रास होतो हेही सांगून ठेवतो. अमावस्येच्या रात्री अंगणात पांढरी चादर आणि जांभळा उजेड बघून शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, “पोराले काही झालं तं नाही ना?” दुसऱ्या दिवशी मी काकूंना बोलावून फोटो दाखवले. आता त्यांच्या घरी पाखरू आलं की त्या हाक मारतात.

काम संपल्यावर दिवा बंद करा आणि चादर हळू झटका. रात्रभर दिवा चालू ठेवला तर पतंगांची रात्र वाया जाते आणि सकाळी पक्ष्यांची मेजवानी होते.

फोटो कसा काढायचा?

- डिजिटल झूम टाळा. १५ ते २० सेंटिमीटरवरून काढा आणि नंतर क्रॉप करा. फोनमध्ये मॅक्रो मोड असेल तर वापरून बघा.
- स्क्रीनवर पतंगावर बोट दाबून फोकस लॉक करा, उजेड थोडा कमी करा. पांढऱ्या चादरीमुळे फोटो पटकन फटफटीत होतो.
- फ्लॅशवर टिश्यू पेपरचा तुकडा लावा. उजेड मऊ पडतो, खवल्यांची चमक जाते.
- किमान तीन फोटो: वरून एक, बाजूने एक आणि शेजारी सेंटिमीटरची खूण दिसेल असा एक.
- यूव्हीच्या जांभळ्या उजेडात रंग खोटे येतात. फोटो काढताना टॉर्चचा पांढरा उजेड टाका.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या सगळ्यांकडून होते. भावाने काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊन अपलोड करू नका. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याला दाबून लहान करतं आणि त्यातली तारीख, वेळ, लोकेशन काढून टाकतं. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

नोंदीत काय काय लिहायचं?

लोक इथेच कंटाळा करतात. फोटो छान असतो, पण बाकी माहिती नसते. मी गुगल शीटमध्ये हे कॉलम ठेवले:

१. रात्रीची तारीख. वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा, म्हणजे सॉर्ट नीट होतं. मध्यरात्रीनंतरचा पतंगही दिवा लावला त्याच तारखेखाली.
२. सुरू आणि बंद करण्याची वेळ.
३. दिवा कोणता, किती वॅटचा.
४. जागा. अंगण बदललं तर वेगळं नाव.
५. हवामान: तापमान, वारा, ढग, चंद्र.
६. व्यत्यय: लाईट गेली, पाल, शेजारचा हॅलोजन.
७. पतंगाचं नाव, जितकं खात्रीचं आहे तितकंच.
८. संख्या.
९. फोटो क्रमांक.
१०. शेरा.

एकही पतंग आला नाही, तरी ओळ भरायची. संख्या शून्य. रिकामी रात्र हा डेटा आहे. शून्य न लिहिता सोडून दिलं तर सहा महिन्यांनी ‘त्या दिवशी पतंग नव्हते’ आणि ‘त्या दिवशी मी बसलोच नव्हतो’ यातला फरक कळत नाही. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना नल आणि झिरोचा हा फरक वेगळा सांगायला नको.

दुसरी गोष्ट नियमितपणाची. इंग्लंडमधल्या ‘गार्डन मॉथ स्कीम’मध्ये लोक मार्च ते नोव्हेंबर दर आठवड्याला एक रात्र आपल्या बागेत तोच सापळा त्याच जागी लावतात. तिथल्या रोथॅमस्टेड संस्थेचे प्रकाश सापळे १९६० च्या दशकापासून देशभर चालू आहेत. अशाच नोंदींवरून २०२१ च्या अहवालात कळलं, की ब्रिटनमधल्या मोठ्या आकाराच्या पतंगांची संख्या ५० वर्षांत सुमारे ३३ टक्क्यांनी घटली. एकाही माणसाला ही घट आपल्या अंगणात उभं राहून दिसली नसती. ती कॉलम भरणाऱ्यांमुळे दिसली.

अ‍ॅप नाव कसं सांगतं आणि कुठे चुकतं?

माझा मुख्य वापर आयनॅचरलिस्टचा होता. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते सुरू झालं. फोटो टाकला की अ‍ॅप काही नावं सुचवतं. त्यामागे लोकांनी आधी टाकलेल्या आणि ओळखलेल्या फोटोंवर शिकवलेलं इमेज मॉडेल असतं. ते ‘यासारखं दिसणारं’ आणि ‘या भागात सापडू शकणारं’ अशा दोन गोष्टी जोडून यादी देतं.

मर्यादा मॉडेलच्या शिक्षणात आहे. एखाद्या जातीचे साधारण १०० फोटो जमा झाल्याशिवाय ती मॉडेलला शिकवलीच जात नाही. भारतीय पतंगांच्या असंख्य जातींचे एवढे फोटो नाहीत. मग मॉडेल काय करतं? त्याला माहीत असलेल्यांपैकी सगळ्यात जवळचं नाव देतं. योग्य उत्तर पर्यायांमध्येच नसलेल्या एमसीक्यूसारखं.

म्हणून हे तीन नियम पाळा:

- मोठा, ठळक नक्षीचा पतंग असेल तर सुचवलेलं नाव फोटोंशी ताडून बघा.
- बारीक, तपकिरी, साधा पतंग असेल तर कुळापर्यंतच थांबा. ‘कुळ अमुक, जात अनिश्चित’ ही पूर्ण नोंद आहे, अर्धवट नाही.
- दुसरं मत घ्या. आयनॅचरलिस्टवर किमान दोन जणांचं मत लागतं आणि दोन तृतीयांशाहून जास्त मतं जुळली की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते. मग योग्य परवाना असेल तर ती जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता डेटाबेसमध्ये जाते.

ताडून बघायला ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ चांगलं. मूळचे पुण्याचे आणि बंगळूरूच्या एनसीबीएसमध्ये काम करणारे कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या भारतीय कीटकांच्या संकेतस्थळांपैकी ते एक आहे.

दोन बरण्यांची गोष्ट

आता त्या तपकिरी पतंगाकडे येतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चादरीवर आणि पुढच्या खोलीच्या ट्यूबलाईटखाली तोच बारीकसा पतंग सारखा दिसायला लागला. लांबी सेंटिमीटरपेक्षा कमी, राखाडी-तपकिरी, पंखांच्या कडेला केसांची झालर. खोलीत कापूस. मी लगेच निष्कर्ष काढला: गुलाबी बोंडअळीचा पतंग. शीटमध्ये तसं लिहिलं आणि बाबांना सांगितलं, की कापूस ताबडतोब विकायला हवा.

ही छोटी गोष्ट नव्हती. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केलं ते आमच्या घराने पाहिलंय. हंगामाच्या शेवटच्या अळ्या सरकीत, बोंडात, पऱ्हाटीत सुप्त राहतात आणि पुढे पतंग होऊन बाहेर पडतात. पण भाव पडलेला असताना माझ्या सांगण्यावरून कापूस विकायचा, म्हणजे वर्षाचा हिशोब बिघडणार.

बाबांनी फोटो झूम करून बघितला आणि म्हणाले, “नाव घेऊन मी काय करू? कुठून आलं ते सांग.”

मी अ‍ॅपला पुन्हा विचारलं. अ‍ॅप जेलेचिइडी या कुळावर थांबलं. त्या यादीत गुलाबी बोंडअळीबरोबर दुसरं एक नाव होतं: धान्यातला पतंग, सायटोट्रोगा. तोही त्याच कुळातला, तसाच बारीक, तसाच फिकट तपकिरी. ज्वारीच्या दाण्यात वाढतो. आणि कापसाच्या खोलीला लागूनच आमची ज्वारीची कोठी आहे.

मग सुचलं, की कामगंध सापळा लावू. यात मादीच्या गंधासारखं रसायन असतं, त्याला भुलून नर येतात. गुलाबी बोंडअळीचा लूर बाजारात मिळतो. तेव्हा वाचताना कळलं, की या लूरमध्ये दोन घटक असतात आणि त्यातलाच एक घटक धान्यातल्या पतंगाच्या मादीचा गंध आहे. म्हणजे ज्वारीशेजारी लावलेल्या सापळ्यात दोन्हीचे नर येऊ शकतात. शेतात जो सापळा नेमकं उत्तर देतो, तो आमच्या घरात देणार नव्हता.

शेवटी बग शोधताना करतो तेच केलं: स्रोत वेगळे केले. दोन पारदर्शक बरण्या घेतल्या. एकीत खोलीतला किडका, कवडी कापूस सरकीसकट, दुसरीत कोठीतली ज्वारी. तोंडावर पातळ कापड, रबर बँड, वर तारीख. दोन्ही सावलीत ठेवल्या आणि रोज सकाळी चहाबरोबर बघत राहिलो.

आधी ज्वारीच्या बरणीत पतंग निघाले, दाण्यांना गोल भोकं पडलेली. मला वाटलं, चला, कापूस सुटला. दहा-बारा दिवसांनी कापसाच्या बरणीतही हालचाल दिसली. काही सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. एक जोडी फोडली तर आत गुलाबी अळी. आणि दोन दिवसांनी तिथून पतंग.

म्हणजे दोन्ही होते. चादरीवर आलेल्यांत कुठला किती, हे फोटोंवरून मला आजही सांगता येत नाही. म्हणून मी पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या ओळी बदलून ‘कुळ जेलेचिइडी’ केल्या आणि बरणीतल्या पतंगांची वेगळी नोंद केली, स्रोतासह. बरणीतले पतंग बाहेर सोडले नाहीत, साबणाच्या पाण्यात टाकले. तुम्हीही किडीचे पतंग सोडू नका.

बाबांनी बरणी उन्हाकडे धरून पाहिली, काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात त्यांनी कापूस विकला. भाव मनासारखा मिळाला नाही. पण खोली झाडताना सांडलेली सरकी आणि कवडी बोंडं उकिरड्यावर न टाकता नष्ट केली, पऱ्हाटीचा ढीग हलवला आणि ज्वारीला ऊन दिलं.

मार्चमध्ये बाहेर पडलेल्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगाला शेतात कपाशीची पाती-फुलं मिळत नाहीत, त्यामुळे तो वंश न वाढवता मरतो. धोका उशिरा निघणाऱ्यांचा. मे महिन्यातच कपाशी लावली तर त्यांना वेळेवर पाती मिळतात. पूर्वहंगामी लागवड टाळा, असं कृषी विभाग सांगतो ते यासाठीच. शेतात हंगामात कामगंध सापळे लावले तर सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग, ही आर्थिक नुकसानीची पातळी धरतात. तिथेही रोज लिहिलेला आकडाच कामाला येतो, ‘लय पाखरं दिसून राहिले’ हे नाही.

परसबागेत कुणाला शोधायचं?

- तगर, कण्हेर: ओलिअँडर हॉकमॉथ. हिरव्या-गुलाबी लष्करी गणवेशासारखी नक्षी. अळी जाडजूड, पुढच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके.
- तीळ, वांगी: डेथ्स हेड हॉकमॉथ. पाठीवर कवटीसारखी खूण. पकडला तर चक्क चिरकतो. अपशकुनी वगैरे काही नाही.
- एरंड: उंट अळी, जी कमान करत चालते. तिचा पतंग तपकिरी, मागच्या पंखांवर काळे-पांढरे पट्टे.
- गुळवेल, वासनवेल: फळातला रस शोषणाऱ्या युडोसिमा पतंगाची अळी. प्रौढ पतंगाचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे केशरी-पिवळे आणि काळ्या खुणांचे. हाच पतंग रात्री पिकत्या संत्र्याला सोंड खुपसतो, फळ सडून गळतं. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल लागली. अंजनगाव, अचलपूर भागात संत्र्याची बाग जवळ असेल तर तिच्या पानांवर लक्ष ठेवा आणि दिसलं तर नोंद करा.
- घराच्या भिंतीवर: तांदळापेक्षा जरा मोठी, चपटी राखाडी पिशवी हळूहळू सरकताना दिसते. ती धूळ नाही. आत एका पतंगाची अळी असते.

हे सगळे किडीच आहेत असं समजू नका. बहुतेक पतंगांचा पिकाशी संबंधही नसतो. ते रात्री फुलणाऱ्या झाडांचं परागीभवन करतात आणि त्यांच्या अळ्यांवर पक्ष्यांची पिल्लं वाढतात. दिसलं की मारायचं, असं केलं तर नोंद करायला काही उरणार नाही.

लोकेशन: आपल्या घराचा पत्ता जगाला देऊ नका

परसबागेतली नोंद म्हणजे तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश. तेच ठिकाण, दर आठवड्याला, रात्री आठला. आयनॅचरलिस्टवर नोंद टाकताना लोकेशन ‘ऑब्स्क्युअर्ड’ करा. मग नेमका बिंदू लपतो आणि साधारण २० ते २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेतरी दाखवला जातो. तालुका कळतो, घर कळत नाही. नेमकं ठिकाण तुमच्या शीटमध्ये राहू द्या. शीटचं शेअरिंगही ‘लिंक असलेला कोणीही’ असं ठेवू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोज बसावं लागतं का? नाही. आठवड्यातून एक ठरलेली रात्र, दोन तास. रोज आठ दिवस बसून सोडून देण्यापेक्षा हे बरं.

यूव्ही पट्टी नसेल तर? अंगणातल्या बल्बखाली जे येतं ते लिहा. दिवा मध्येच बदलला तर मात्र शीटमध्ये नोंदवा, नाहीतर वाढलेली संख्या दिव्याची की पतंगांची, ते कळणार नाही.

माझ्या एका अंगणाच्या नोंदीने काय होणार? २०१८ मध्ये मक्यावरची नवी लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. नवीन कीड कुणाच्या तरी शेतात, कुणाच्या तरी दिव्याखाली पहिल्यांदा येते. तिथे बघणारा आणि तारीख लिहिणारा माणूस असला तर पुढच्यांना थोडे दिवस जास्त मिळतात.

मी आता पुण्यात परत आलोय. शीट दोघांत शेअर केलेली आहे. दर शनिवारी रात्री आई दिवा लावते आणि बाबा संख्या भरतात. मागच्या आठवड्याच्या ओळीत नावाच्या कॉलममध्ये त्यांनी लिहिलंय: “माहीत नाही. लिंबाकडून आलं.” माझ्या सुरुवातीच्या नोंदींपेक्षा ही नोंद चांगली आहे.